ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या भागांतून घरी छोटा लेथ: पॅटर्नपासून बोअरपर्यंत कामाचा क्रम

घरी ओतलेल्या भागांतून लेथ करायला घेतला की बहुतेक जण भट्टीत अडकत नाहीत. ते अडकतात नंतर. भाग बरे ओतले जातात, पण बेड (लेथचा आडवा पाया) सपाट होण्याआधीच हेडस्टॉकला (फिरणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, धरणारा भाग) ड्रिलवर भोक पाडले जाते, टेलस्टॉक (समोरून आधार देणारा भाग) वेगळा बोअर होतो, आणि जोडणीच्या दिवशी एकाचा मध्य दुसऱ्याला लागत नाही. मग शिम (उंची जुळवायचे पातळ पत्रे) घालणे सुरू होते आणि ते कधीच संपत नाही. खालचा सगळा क्रम एकाच नियमावर उभा आहे: आधी एक पृष्ठभाग खरा करायचा, आणि पुढचे प्रत्येक माप त्याच पृष्ठभागावरून घ्यायचे.

उदाहरणासाठी बेड ५०० मिमी लांब, ८० मिमी रुंद आणि ७० मिमी उंच धरला आहे. त्यावर १०० मिमी रुंद आणि ८ मिमी जाड ब्राइट स्टीलची पट्टी बसते. मध्याची उंची पट्टीपासून ६० मिमी.

१. आधी कागदावर: वजन आणि मूस

धातू कमी पडला तर अर्धवट भरलेला साचा फोडण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून घनफळ काढा. वरची तबकडी ५०० × ८० × १० मिमी, म्हणजे ४०० घन सेंमी. दोन उभ्या भिंती ५०० × ६० × १० मिमीच्या, मिळून ६००. चार आडव्या बरगड्या ६० × ६० × ८ मिमीच्या, मिळून सुमारे ११५. एकूण १११५ घन सेंमी, आणि २.७ ने गुणले की ३ किलो. रनर (साच्यातली रसाची वाट), रायझर (आकसताना रस पुरवणारा उभा साठा) आणि मळीसाठी वर ६० टक्के धरा. भरणा झाला ४.८ किलो.

वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमची घनता सुमारे २.४ असते, म्हणजे रस २ लिटर होईल. मूस (धातू वितळवायचे भांडे) पाऊण भागापेक्षा जास्त भरायची नाही, त्यामुळे ३ लिटरची मूस हवी. एवढी मूस सांडशीत धरून स्थिर ओतण्याचा सराव नसेल तर पहिल्या दिवशी बेड ओतू नका. आधी हँडव्हील किंवा एखादा ब्रॅकेट ओता. वाळू, तापमान आणि हाताचा वेग हे तिन्ही त्यातच कळतात.

२. भंगार: ओतीव मालच घ्या

खिडक्यांचे सेक्शन आणि पेयांचे डबे बाजूला ठेवा. सेक्शनचा मिश्रधातू दाबून काढण्यासाठी बनवलेला असतो, साच्यात नीट वाहत नाही आणि थंड होताना तडकतो. डब्यांची पातळ भिंत वितळण्याऐवजी बरीचशी मळीतच जाते. जे एकदा ओतले गेले आहे तेच पुन्हा चांगले ओतले जाते: अलॉय व्हील, सिलिंडर हेड, गिअरबॉक्सची खोकी, पिस्टन. पिस्टनमध्ये सिलिकॉन जास्त असल्याने धातू चांगला वाहतो आणि झिजायला चिवट असतो. मात्र गजन पिन (पिस्टनमधून आडवी जाणारी पिन) आणि रिंगा आधी काढा. काही पिस्टनमध्ये रिंगच्या खाचेत लोखंडी कडे ओतलेले असते. ते वितळत नाही, मुशीच्या तळाशी बसते आणि सांडशीने काढावे लागते.

सगळे भंगार फोडा, तेल धुऊन काढा आणि भट्टीच्या कडेवर ठेवून पूर्ण कोरडे तापवा.

*धोका:* दिसायला अ‍ॅल्युमिनियमसारखे पण हाताला फारच हलके लागले तर ते मॅग्नेशियम असू शकते. कानशीने जागा उजळून व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच जोरात बुडबुडे आले तर तो तुकडा भट्टीजवळही नको. उलट, अडीच पट जड लागणारा तुकडा झिंकचा असतो. तो रसात गेला तर धूर त्रासदायक होतो आणि मिश्रधातू बिघडतो.

३. पॅटर्न

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पॅटर्न म्हणजे ज्याभोवती वाळू ठोकून साचा बनतो तो नमुना, आणि त्याच्यावरची प्रत्येक चूक ओतलेल्या भागात जशीच्या तशी उतरते.

अ‍ॅल्युमिनियम गोठून थंड होताना लांबीत सुमारे १.३ टक्के आकसते, म्हणून ५०० मिमीच्या बेडसाठी पॅटर्न ५०६.५ मिमीचा हवा. ज्या तोंडांवर कानस चालणार तिथे वेगळे २ मिमी ठेवा.

बाहेरच्या भिंतींना २ अंश उतार पुरतो, पण बरगड्यांमधल्या खिशांना ३ अंश द्या. त्या खिशातली वाळू चारी बाजूंनी पॅटर्नला चिकटलेली असते आणि उचलताना तीच तुटते. आतल्या प्रत्येक कोपऱ्यात ४ ते ५ मिमी त्रिज्येची गोलाई भरा. लाकडाचा भुसा आणि गोंद किंवा ऑटो पुट्टी चालते. धारदार कोपरा राहिला तर गरम धातू आकसताना नेमका तिथेच फाटतो.

बेडच्या वरच्या तोंडावर एक युक्ती वापरा. पूर्ण ८० मिमी रुंदी सपाट ठेवू नका. दोन्ही कडांना २० मिमी रुंद पट्ट्या उंच ठेवून मधला भाग २ मिमी खोल घ्या. स्टीलची पट्टी या दोन कडांवर बसेल, आणि हाताने सपाट करायचे क्षेत्र निम्म्यावर येईल. बेडचे काम वेळेत होणार की आठवडे खाणार, हे बऱ्याच अंशी इथे ठरते.

भिंती पातळ करायचा मोह टाळा. अ‍ॅल्युमिनियमची ताठरता स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असते. ती कसर खोलीने भरून काढायची, कारण आडव्या तुळईची ताठरता खोलीच्या घनाने वाढते. उंची ७० मिमीवरून ५० वर आणली तर वजन थोडेच वाचते, वाक मात्र जवळजवळ पावणेतीन पट होतो.

शेवटी शेलॅक किंवा सँडिंग सीलरचे तीन हात, प्रत्येक हातानंतर बारीक घासणी.

*तपासणी:* पॅटर्न ओलसर वाळूत हलका दाबून सरळ वर उचला. कुठेही वाळू ओढली गेली तर तिथला उतार कमी आहे.

४. वाळू

बारीक सिलिका वाळूत वजनाने ८ ते १० टक्के बेंटोनाइट कोरडेच मिसळा. मग ३ ते ४ टक्के पाणी शिंपडत मळा आणि झाकून रात्रभर ठेवा. मूठभर वाळू आवळा: बोटांचे ठसे स्पष्ट उठले पाहिजेत, आणि लगदा मधोमध मोडला तर कडा धारदार राहिल्या पाहिजेत. कडा भुरभुरल्या तर पाणी कमी. तळहात ओला झाला तर पाणी जास्त, आणि जास्त पाणी हेच भोकांचे सगळ्यात मोठे कारण.

*धोका:* कोरड्या सिलिकाची धूळ फुप्फुसात कायमची बसते. मिसळताना आणि जुना साचा फोडताना धुळीसाठीचा मास्क लावा. रुमालाने काम होत नाही.

५. भट्टी आणि जागा

कोळशाची भट्टी पुरते. मुशीभोवती सगळीकडून ५० मिमी कोळसा मावेल इतका आतला व्यास ठेवा. पिंपाला आतून ६० मिमी रिफ्रॅक्टरी कास्टेबलचे अस्तर द्या आणि ब्लोअरचा ४० मिमी पाइप तळापासून थोडा वर, भिंतीला स्पर्शरेषेत आणा. अस्तर काही दिवस सुकल्यावर आधी मंद विस्तव करा आणि वाफ पूर्ण थांबेपर्यंत आच वाढवू नका. घाई केलेले अस्तर आतल्या वाफेने पापुद्रे सोडते.

मूस ग्रॅफाइटची किंवा सिलिकॉन कार्बाइडची घ्या. जाड लोखंडी भांडे चालवणारे चालवतात, पण लोखंड हळूहळू रसात विरघळते. भांड्याची भिंत पातळ होत जाते आणि रसात गेलेले लोखंड ओतीव भाग ठिसूळ करते. पातळ पत्र्याचा डबा तर कधीच नको.

भट्टीपासून साच्यापर्यंतच्या वाटेवर किमान ५० मिमी कोरडी वाळू पसरा. काँक्रीटवर रस सांडला तर आतला ओलावा क्षणात वाफ होतो आणि फरशीचे तुकडे रसासकट उडतात. काम उघड्यावर करा, कारण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड, चामड्याचा एप्रन, चामडी हातमोजे, आणि बूट झाकणारी सुती पॅन्ट हवी. सिंथेटिक कपडा अंगावर वितळतो. पाण्याची बादली त्या जागेत ठेवूच नका, जवळ कोरडी वाळू आणि फावडे ठेवा.

६. साचा भरणे

१. पॅटर्न सपाट तोंड खाली करून फळीवर ठेवा. त्यावर खालची पेटी उलटी ठेवा. पेटी ६०० × २०० मिमी, प्रत्येक अर्धा १२० मिमी उंच.

२. पार्टिंग पावडर (वाळू चिकटू न देणारी) भुरभुरा. पहिला २० ते ३० मिमी थर चाळणीतून टाकून खिशांत बोटांनी दाबा. मग थरावर थर देत ठोका. पॅटर्नला ठोकणीचा मार लागू देऊ नका, तिथे वाळू दगडासारखी होते आणि वाफ बाहेर पडत नाही.

३. वरून सपाट कापा, पेटी उलटा, वरची पेटी चढवा, पुन्हा पावडर. स्प्रूची (रस ओतायच्या उभ्या भोकाची) खुंटी पॅटर्नपासून ४० मिमी दूर ठेवा. बरगड्या जिथे भिंतीला मिळतात तिथे ४० मिमी व्यासाचे दोन रायझर द्या.

४. वरची पेटी भरून २ मिमी तारेने ४० मिमी अंतरावर वायुछिद्रे पाडा. पॅटर्नच्या १० मिमी आधी थांबा.

५. पेटी उघडा, वाट कापा, मग पॅटर्न हलक्या ठोक्याने सैल करून सरळ उचला.

वाटेची मापे अंदाजाने घेऊ नका. स्प्रूचा तळ १५ मिमी व्यासाचा, म्हणजे सुमारे १७७ चौरस मिमी. रनर २० × १८ मिमी, दुप्पट. तीन गेट (रनरमधून साच्यात शिरायच्या वाटा) प्रत्येकी ३० × ८ मिमी, मिळून चौपट. अशाने रस पुढे जाताना संथ होतो. अरुंद गेटातून फवाऱ्यासारखा घुसलेला रस स्वतःचीच ऑक्साइडची साय घुसळून आत नेतो, आणि ती नंतर बोअर करताना काळ्या रेघेसारखी दिसते.

पेटी बंद करून वर १५ किलो वजन ठेवा किंवा क्लॅम्प मारा. ४०० चौरस सेंमी तोंडावर १२ सेंमी उंचीचा रस सुमारे साडेअकरा किलोने वरची पेटी उचलू पाहतो.

हेडस्टॉक आणि टेलस्टॉकच्या भोकांसाठी २५ मिमीचा कोअर (भोकाच्या जागी बसणारा वाळूचा गाभा) घाला. कोरड्या वाळूत वजनाने ४ टक्के सोडियम सिलिकेट मिसळून कोअरपेटीत ठोका, मधून तार घालून वायुमार्ग ठेवा आणि काही सेकंद कार्बन डायऑक्साइड सोडा. गॅस जास्त दिला तर कोअर भुसभुशीत होतो.

७. वितळवणे आणि ओतणे

आधी मुशीत थोडेच भंगार टाका. तळाशी रस झाला की तापवून ठेवलेले तुकडे सांडशीने एकेक बुडवा. थंड किंवा दमट तुकडा रसात टाकणे हा या कामातला सगळ्यात धोकादायक क्षण असतो. त्यातला थेंबभर पाणीही रस छतापर्यंत उडवू शकते.

अ‍ॅल्युमिनियम ६६०° से. ला वितळते, सिलिकॉनचे ओतीव मिश्रधातू त्याआधीच. ओतण्यासाठी ७०० ते ७४०° से. ठेवा आणि के-टाइप थर्मोकपलने मोजा. डोळ्यावर विसंबू नका, कारण उन्हात या तापमानाचा रस चांदीसारखाच दिसतो. नारिंगी दिसेपर्यंत तापवला तर तो फारच पुढे गेलेला असतो.

जास्त तापवण्यात नुकसान असे: वितळलेले अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यातून हायड्रोजन शोषते, आणि जितके गरम तितके जास्त. गोठताना ही क्षमता सुमारे वीस पटीने घटते. बाहेर न पडलेला वायू सगळीकडे बारीक छिद्रे करून बसतो. म्हणून रस ढवळत बसू नका, तयार झाल्यावर भट्टीत ताटकळत ठेवू नका. मळी एकदाच, ओतण्याच्या आधी, तापवलेल्या पळीने बाजूला काढा.

ब्लोअर बंद करा, मूस उचला, लगेच ओता. मुशीचे तोंड स्प्रूच्या जितके जवळ नेता येईल तितके न्या. धार तुटू द्यायची नाही, आणि रायझर भरून येईपर्यंत स्प्रू काठोकाठ भरलेला ठेवायचा. उरलेला रस तापवलेल्या लोखंडी साच्यात ओता, मुशीत गोठू देऊ नका.

साचा किमान तासभर उघडू नका. गरम अ‍ॅल्युमिनियम ठिसूळ असते, स्वतःच्या वजनानेही वाकते.

*ओतलेला भाग वाचा:* गोल, चकचकीत छिद्रे सगळीकडे असतील तर वायू, म्हणजे ओली वाळू किंवा जास्त तापलेला रस. जाड जागी खडबडीत खड्डा असेल तर आकसताना रस मिळाला नाही, रायझर मोठा करा किंवा त्या जागेवर आणा. गोलसर कडांची शिवण दिसली तर दोन प्रवाह थंड होऊन भेटले: तापमान कमी किंवा हात संथ. कोपऱ्यात तडा असेल तर गोलाई कमी. बेडच्या कडांवर किंवा बोअरच्या जागी यातले काही दिसले तर भाग पुन्हा वितळवा. पुट्टीने भरून पुढे गेलात तर कष्ट वाया जातात.

८. बेड खरा करणे

रनर कापून, वरची कातडी मोठ्या कानशीने काढून बेड दोन-चार दिवस पडू द्या. कातडी निघाली की आतले ताण मोकळे होतात आणि भाग किंचित हलतो. शेवटचे सपाटीकरण त्यानंतर.

कानशीच्या दातांत अ‍ॅल्युमिनियम भरते, म्हणून खडू घासून चालवा. आधी पीळ तपासा: दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून एकीवरून दुसरीकडे पाहा. वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. पीळ न काढता सपाट करायला बसलात तर बेड प्रत्येक जागी सपाट लागेल आणि तरीही वाकडा असेल.

मग सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लूचा अगदी पातळ थर लावा. प्लेट नसेल तर तीन टेकूंवर ठेवलेली १२ मिमी जाड काच चालते. बेड टेकवून जिथे निळा लागेल तिथेच स्क्रेपर चालवा. दर फेरीला दिशा बदला. २५ मिमी चौरसात ८ ते १० ठिपके सगळीकडे सारखे आले की थांबा.

आता स्टीलची पट्टी. दोन्ही कडांवर दर ५० मिमीला एम६ काउंटरसंक स्क्रू, डोके पट्टीच्या १ मिमी खाली. टॅपसाठी ५ मिमी ड्रिल, आटे किमान १२ मिमी खोल, ड्रिल आणि टॅपला केरोसीन. मधल्या स्क्रूपासून सुरू करून टोकांकडे कसा. पट्टी बसल्यावर तिचे वरचे तोंड पुन्हा ब्लू लावून खरे करा. हे काम लेथ जिथे चालणार तिथल्याच तापमानात व्हावे. तापमानवाढीत अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट वाढते, आणि ५०० मिमीला २० अंशांच्या फरकात दोघांत सुमारे ०.११ मिमीचा फरक पडतो. उन्हात तापलेल्या बेडवर केलेले स्क्रेपिंग सावलीत खोटे ठरते.

*तपासणी:* पट्टीची रुंदी मायक्रोमीटरने दर ५० मिमीला मोजा. फरक ०.०३ मिमीच्या आत हवा. पुढची कड सरळकडेने तपासा, कारण यापुढे सगळे तिलाच टेकून चालणार आहे.

९. तिन्ही स्लाइड एकसारख्या बसवा

कॅरेज (कापायचे टूल वाहणारा सरकता भाग), हेडस्टॉक आणि टेलस्टॉक या तिघांचा तळ एकाच पद्धतीचा ठेवा: वर पट्टीवर टेकणारे तोंड, पुढच्या कडेला घट्ट लागणारा ओठ, मागे तीन एम५ स्क्रूंची जिब (सैलपणा काढणारी पट्टी), आणि खाली पट्टीच्या बाहेर आलेल्या १० मिमी कडेला पकडणाऱ्या पट्ट्या. हेडस्टॉक एका जागी कायमचा बसणार असला तरी त्यालाही सरकता तळ द्या. पुढच्या टप्प्यात कारण दिसेल.

सतत सरकणाऱ्या कॅरेजच्या तळाला २ ते ३ मिमी पितळी पट्टी लावा. नुसत्या अ‍ॅल्युमिनियममध्ये चुऱ्याचे कण रुततात आणि तेच कण स्टीलची पट्टी घासत राहतात.

१०. बोअर

हेडस्टॉक वेगळ्या ड्रिलवर बोअर करू नका. बेडच्या दोन टोकांना तात्पुरते आधार उभे करा, प्रत्येकात ब्रास बुश (ज्यात दांडा फिरतो ती नळी), आणि त्यातून १८ मिमीचा बोअरिंग बार जाऊ द्या. बारच्या मध्यावर ६ मिमीचे एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल. बार जागेवर फिरतो आणि हेडस्टॉक बेडवरून त्याच्या पलीकडे सरकतो. असे केले की भोक बेडच्या चालीला समांतरच पडते. बार थोडा तिरका असला तरी भोक किंचित लंबगोल होईल, पण दिशा चुकणार नाही.

१०० मिमी लांब हेडस्टॉक टूलच्या अलीकडून पूर्ण पलीकडे जायला हवा, म्हणून आधारांमध्ये किमान २४० मिमी अंतर हवे.

बार २५० फेऱ्यांवर चालवा. हेडस्टॉक सरकवायला बेडच्या टोकाला नट बसवून त्यातून एम१० चा आटेदार रॉड घ्या. दीड मिमीच्या आट्याने साडेतीन सेकंदांना एक फेरा दिला की दर फेरीला सुमारे ०.१ मिमी सरक मिळते. जिब सरकण्यापुरती सैल, डुलण्याइतकी नाही. बाजूला ०.५ मिमीचे काप घेत ३१.८ पर्यंत या, मग ०.१ मिमीचा शेवटचा काप घेऊन ३२ मिमी पुरे करा. मध्ये थांबलात तर तिथे कडे उमटते.

बार आणि आधार अजिबात न हलवता हेडस्टॉक काढा, टेलस्टॉक चढवा, तोच बोअर घ्या. दोघांचा मध्य उंचीला आणि बाजूला एकच येतो, कारण दोघे त्याच पट्टीला आणि त्याच पुढच्या कडेला टेकलेले होते. आधार त्यानंतरच सोडा.

बोअरमध्ये ३२ मिमी बाहेरच्या आणि २५ मिमी आतल्या मापाचे ब्राँझ बुश दाबा. स्पिंडल नुसत्या अ‍ॅल्युमिनियमवर फिरवू नका, तेल क्षणभर तुटले तरी धातू स्टीलला चिकटतो आणि ओरबाडला जातो.

११. चालवण्याआधी

हेडस्टॉकची जिब कसून जागा पक्की करा. चकमध्ये २५ मिमीचा रॉड टेलस्टॉकच्या आधाराशिवाय धरा. १०० मिमी अंतरावर दोन कडी ठेवून मधला भाग बारीक करा. मग एकाच सेटिंगवर दोन्ही कड्यांवरून ०.०५ मिमीचा काप घ्या आणि व्यास मोजा. फरक ०.०२ मिमी असेल तर स्पिंडल १०० मिमीला ०.०१ ने तिरका आहे. एवढे असेल तर सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर शिमकडे हात नेण्याआधी जिब सैल करा, ओठात अडकलेला चुरा आणि बर (कडेला उठलेली धातूची धार) काढा, पुन्हा कसा आणि पुन्हा मोजा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.